पाखरांचा वाटा

पाखरांना दाणे घालण्याला कसला आलाय इतिहास? इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. निदान पाठ्यपुस्तकात तरी तसाच असतो आणि मी तो शाळेत बत्तीस वर्षं शिकवला. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी दाण्यांवरूनच वाद झाला. गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकच वाक्य म्हणत होत्या, "हे पूर्वापार चालत आलंय." मग पूर्वापार नेमकं काय चालत आलंय ते एकदा नीट बघावं असं मनात आलं. मास्तरणीची खोड, दुसरं काय!

आधी वाद काय तो सांगते. आमचे हे इथेच नारपोलीत पॉवरलूमच्या कारखान्यात मेहता होते. सगळी उमेदीची वर्षं मागांच्या खडखडाटात आणि हवेत उडणाऱ्या कापसाच्या तुसात गेली. घरी बसल्यावर त्यांनी सकाळी गच्चीवर मूठभर ज्वारी टाकायला सुरुवात केली. तेव्हा दोन-चार चिमण्या, एक साळुंक्यांची जोडी, कधीतरी एखादा होला येई. मग कबुतरं आली. मुठीची ओंजळ झाली, ओंजळीचा डबा झाला आणि डब्याची गोणी कधी झाली ते कळलंच नाही. भिवंडीत गोदामांना काय तोटा? पत्र्यांच्या खाली, गाळ्यांच्या खाचांमध्ये कबुतरांना जागाच जागा. सकाळी सातला आमच्या कठड्यावर शंभरेक कबुतरं पंगतीला बसल्यासारखी रांगेत! चिमण्या केव्हाच दिसेनाशा झाल्या. आणि यांचा खोकला काही केल्या हटेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला, आधी मागांवरच्या कामाचं विचारलं आणि मग म्हणाले, "घरी कबुतरं येतात का?"

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची भुकटी आणि पिसांचा भुगा श्वासावाटे सतत आत गेला तर काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. ती वाढत गेली तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. डॉक्टरांनी हे सगळं समजावून सांगितलं. मी म्हटलं, झालं, आता बंद. तर हे म्हणाले, "इतकी वर्षं ज्यांना घातलं त्यांना ऐन थंडीत उपाशी ठेवायचं? पाप लागेल." त्यातच मिनेसोटाहून भाचीचा फोन आला. तिच्या अंगणात गुडघाभर बर्फ, आणि झाडाला टांगलेल्या नळकांड्यात ती सूर्यफुलाच्या बिया भरते. ती म्हणाली, "काकांना अडवू नकोस गं मावशी, थंडीत पाखरं अन्नावाचून मरतात." म्हणजे एका बाजूला मी आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला हे आणि अमेरिका!

भाचीचं म्हणणं तिच्या अंगणापुरतं अगदी खरं आहे, हे आधीच सांगून टाकते. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान, रात्र मोठी, जमीन बर्फाखाली आणि किडे नाहीसे. चिमणीएवढ्या पाखराच्या अंगात चरबी ती केवढी! दिवसभर खाऊन जमवायची आणि रात्रभर ऊब राखण्यात जाळून टाकायची. एक दिवस खायला मिळालं नाही तर सकाळ दिसत नाही. मिनेसोटाला लागूनच विस्कॉन्सिन हे राज्य आहे. तिथे चिकडी नावाच्या इवल्याशा पाखरावर झालेला एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे माणसांनी बिया ठेवल्या तिथे शंभरातली ६९ पाखरं हिवाळा काढू शकली. जिथे ठेवल्या नाहीत तिथे ३७. फरक आहे ना? आणि तो कडाक्याच्या गोठणाऱ्या थंडीतच पडतो.

इंग्लंडातही ही सवय बर्फामुळेच घरोघरी गेली. १८९०-९१ चा हिवाळा तिकडे फार वाईट गेला. वर्तमानपत्रांनी लोकांना आवाहन केलं, पावाचे तुकडे बाहेर टाका, पाखरं मरताहेत. लोकांनी टाकले. पुढच्या वीसेक वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं की १९१० मध्ये 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने पाखरांना खाऊ घालणं हा इंग्रजांचा राष्ट्रीय विरंगुळाच ठरवून टाकला. नॉर्वेत नाताळात ओटच्या कणसांची पेंढी काठीला बांधून पाखरांसाठी बाहेर उभी करतात. तिथेही कारण तेच, बाहेर सगळं पांढरंशुभ्र आणि खायला काही नाही.

पण मंडळी, हा सगळा बर्फाचा हिशोब झाला. आमच्या नारपोलीत थंडी म्हणजे काय, तर पहाटे एक शाल आणि दुपारी पंखा! आपल्याकडे हिवाळा हा पाखरांचा उपासाचा काळ नाहीच, तो त्यांच्या सुगीचा काळ आहे. कोकणपट्टीत भात कापून होतं, खाचरांत दाणे सांडलेले असतात, ओल पुरती गेलेली नसते, त्यामुळे किडेही मुबलक. वड-पिंपळ-उंबर अधूनमधून फळतच असतात. थंडी सरता सरता सावर आणि पळस फुलतात, की त्यातला मध प्यायला मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड. म्हणूनच तर उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतली लाखो पाखरं थंडीत आपला देश सोडून इकडे येतात. बर्फाखाली गेलेलं ताट सोडून वाढलेल्या ताटावर यायचं, एवढी साधी गोष्ट आहे ती.

आमच्या गच्चीवरून दिसणारा धोबीच घ्या ना. काही जण त्याला परीट म्हणतात. शेपटी सारखी वरखाली करत गटाराच्या कडेने तुरुतुरु धावणारा तो राखाडी-पांढरा पक्षी. तो दिसला की थंडी आली समजावं. खाडीवर कुरव येतात, त्यातले तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवरून. आणि माझ्या माहेरी, बार्शीकडे, भोरड्या येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैनाच त्या, थेट मध्य आशियातून आलेल्या. त्यांचे थवे ज्वारीवर उतरले की आभाळ खाली आल्यासारखं वाटे. आम्ही मुलं माळ्यावर चढून घसा फुटेस्तोवर हाकारे करायचो आणि वडील गोफण फिरवायचे. थंडीत पाखरांना दाणे घालायचे, हे वडिलांना कुणी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "घालायला कशाला हवं? ती घेतातच की!"

आता इथे खरा प्रश्न येतो. आपल्याकडे पाखरं उपाशी नव्हती तर आपल्या माणसांनी त्यांना घातलं कशासाठी? कारण घातलं तर खरंच. दूर कशाला, आपल्यातल्या कितीतरी घरांत काकबळी काढल्याशिवाय पान वाढलं जात नव्हतं. माझ्या सासूबाई सैपाक झाला की पहिल्या भाताची मूद वळचणीला ठेवायच्या आणि "काऽव काऽव" अशी हाक मारायच्या. कावळाही वेळेला हजर! लहान पोराला भरवायचं तर एक घास काऊचा आणि एक चिऊचा काढल्याशिवाय पोर तोंड उघडायचं नाही. ज्ञानेश्वरांच्या प्रसिद्ध विराणीत ती विरहिणी कावळ्यालाच दहीभाताचं आमिष दाखवते, कारण तो पाहुणा येण्याचा शकुन सांगतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी कावळ्याला भात घालणं इतकं घरगुती होतं की कवितेत सहज येऊन बसलं.

आमच्या शेजारच्या आगरी काकी अजून दाराला 'नवं' बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, सगळं एकत्र बांधून चौकटीला टांगायचं. पूर्वी चिमण्या त्याच तोरणाला उलट्या लटकून दाणे सोलत बसायच्या आणि काकींच्या सासूबाई कुणाला हाकलू द्यायच्या नाहीत. नॉर्वेतली ती पेंढी वाचली तेव्हा मला हीच आठवण झाली. फक्त कारण वेगळं. तिथे पाखरू जगावं म्हणून आणि इथे नव्या धान्यात त्याचाही वाटा आहे म्हणून.

तुकोबांची गोष्ट तर तुम्हाला माहीतच असेल. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात ती आहे. तुकोबांना एका शेतकऱ्याने शेत राखायला बसवलं. यांनी पाखरांना उडवलंच नाही, खाऊ दिलं. मालक खवळला, भांडण पंचांपुढे गेलं आणि शेवटी शेत मोजलं तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त धान्य निघालं. चमत्कार आहे, चमत्कार म्हणूनच वाचावा. पण गोष्ट सांगणाऱ्यांच्या मनात काय होतं ते यातून कळतं. पाखराचा वाटा दिला म्हणून आपलं कमी पडत नाही, एवढंच.

या सगळ्यात मला एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे माप. काकबळी एका मुदीएवढा. नवं दाराएवढं. वेळ ठरलेली, पाहुणा ठरलेला. त्यात पाखराचं पोट भरेल असा दावाच नाही. घरातलं माणूस जेवायच्या आधी कुणाची तरी आठवण काढतं, इतकंच ते. त्या एका मुदीवर कावळ्यांची संख्या वाढली नाही की घटली नाही. ती कशावर ठरत होती? तर उकिरडा, झाडं, शेतं, गोठे यांवर. म्हणजे पाखरू जगत होतं आवारावर. घासाचा संबंध आपल्या नात्याशी होता.

हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते आमच्या थोरल्या दिरांच्या दहाव्याला. नदीकाठी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. अर्धा तास गेला, तास गेला, कावळा काही फिरकेना. कुणी म्हणे त्यांची अमुक इच्छा राहिली, कुणी हात जोडून शब्द देत होतं. नातवाच्या शिक्षणाचं बघू, जमिनीचं बघू. मी मात्र आजूबाजूला बघत होते. काठावर एक झाड उरलं नव्हतं. पलीकडे गोदामाची लांबच लांब निळी भिंत. कावळा बसणार कुठे? आणि घरटं करणार कुठे? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि विधी पार पडला. शास्त्रात तशी सोय आहेच. पण ज्यांनी आयुष्यात कधी कावळ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं अशी तीस माणसं त्या दिवशी आभाळाकडे डोळे लावून उभी होती, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

आता गोणीचं मूळ बघू. ते आमच्या सासूबाईंच्या काकबळीत नाही, ते शहरात आणि व्यापारात आहे. मुंबईत १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा मोठा दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. एक पारशी, एक गुजराती, दोघे व्यापारी. भाकड गाई, जखमी जनावरं, पाखरं सगळ्यांना तिथे आसरा मिळाला. जीवदया ही भावना जुनीच, पण तिला संस्थेचं, देणगीचं, रोजच्या पोत्यांचं रूप आलं ते या शहरात. कबुतरखाने त्याच वाटेवरचे. दादरचा कबुतरखाना म्हणजे मुळात १९३३ चं कारंजं. हळूहळू तिथे दाणे पडू लागले, कबुतरं जमली आणि चौकाला नावच ते पडलं. मी बी.ए.ची पुस्तकं घ्यायला दादरला जायची तेव्हा तिथे पाच मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जायची नाही. इतकी पाखरं एकदम उडाली की छातीत कसं धस्स व्हायचं!

या दानामागच्या भावनेला मी नावं ठेवणार नाही. अनोळखी जिवासाठी रोज पदरचं काही घालणं सोपं नाही. पण मूठ आणि गोणी यांत फरक आहे आणि तो फरक कबुतराच्या अंगातच आहे. कसा, ते सांगते. त्यासाठी मात्र आधी तिसऱ्या प्रकारच्या माणसांकडे जायला हवं. हे लोक घालणारे नव्हेत, बघणारे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात आठ जण जमले. आज त्या वास्तूला आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. त्या आठांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. सहा इंग्रज आणि दोन आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या धड्यात ही नावं मी कितीदा शिकवली असतील! पण याच मंडळींनी पाखरं, साप, फुलपाखरं यांच्या नोंदी ठेवणारी संस्थाही काढली, हे त्या धड्यात कुठे नव्हतं. त्याच सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींत ई. एच. एटकेन होते. जन्म साताऱ्याचा, नोकरी कस्टम आणि मिठाच्या खात्यात. मुंबईच्या साध्यासुध्या पाखरांवर त्यांनी १९०० मध्ये पुस्तक लिहिलं. कावळा, घार, चिमणी हेच त्यातले नायक.

आणि मग सलीम अली. जन्म १८९६ चा. दहाएक वर्षांचे असताना चेंबूरला त्यांनी चिमणीचं एक घरटं पाहिलं. मादी आत, नर बाहेर पहाऱ्याला. पोराच्या हातात छर्ऱ्याची बंदूक! त्याने नर टिपला. थोड्या वेळाने मादीने दुसरा नर आणला, तोही टिपला. असे सात दिवसांत आठ. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण पोराने ते वहीत टिपून ठेवलं होतं आणि कित्येक दशकांनी ती नोंद चिमणीच्या वागण्याविषयीची माहिती म्हणून छापली गेली. १९०८ मध्ये पिवळ्या गळ्याची वेगळीच चिमणी सापडली, ती ओळखायला सोसायटीत गेले आणि पुढचं सगळं आयुष्य पाखरांचं झालं. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्याची वीण बघत बसले. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते आणि मग नर दुसरं घर विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बघितलं. बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात झाला. मराठीत हे वेड आपल्याला लावलं ते मारुती चितमपल्लींनी. आमच्या सोलापूरचे, २०२५ मध्ये गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. २०२० पासून महाराष्ट्रात हे आठ दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात.

या बघणाऱ्यांमुळेच आमच्या घरातल्या वादाचा उलगडा झाला. तो असा. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिच्या पिल्लाला पहिले काही दिवस दाणा चालत नाही. त्याला अळ्या लागतात, मऊ किडे लागतात. म्हणजे गच्चीवर पोतंभर ज्वारी ओतली आणि आसपास झाड-झुडूप-गवत नसेल, तर चिमणीचा संसार पुढे जात नाही. कबुतराचं तसं नाही. नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत एक दुधासारखा दाट रस तयार होतो, तोच पिल्लांना पाजतात. किड्यांची गरजच नाही. दाणा भरपूर असला की वर्षभर अंडी, वर्षभर पिल्लं. राहायला कडेकपारी लागतात, त्या आपण सिमेंटच्या करून दिल्याच आहेत. चिमणीसाठी म्हणून घातलेल्या दाण्याने कबुतर का वाढतं, ते आता कळलं ना? आपण पुण्य एकाच्या नावाने करतो आणि ते जमा होतं दुसऱ्याच्या खात्यावर!

२०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं सरकारने विधान परिषदेत जाहीर केलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरला ताडपत्री घातली गेली आणि ऑगस्टमध्ये आंदोलकांनी ती फाडलीही. टीव्हीवर ते बघताना आमचे हे गप्प बसले होते. आमच्या गच्चीवरचंच भांडण जणू कुणी दादरच्या चौकात मांडलं होतं. एका बाजूला श्वास, दुसऱ्या बाजूला श्रद्धा. दोन्ही खऱ्या.

घालणं नेहमीच चूक, असंही मी म्हणणार नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांसाठी मेलेली जनावरं मुद्दाम आणून टाकतात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. ज्यांचं ताट आपणच विषारी केलं त्यांना निर्धोक घास देणं हे कर्तव्यच झालं. याउलट ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी बघा, म्हणजे फ्लेमिंगो. त्यांना कुणी काही वाढत नाही. तरी दर हिवाळ्यात हजारोंनी येतात, २०१९ च्या मोजणीत तर आकडा लाखाच्या वर गेला. त्यांचं ताट म्हणजे तो चिखल आणि त्यातलं शेवाळ. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आलं. चिखल राखला की पाहुणे आपोआप येतात. आणि त्याच समुद्रावर घारापुरी-मांडव्याच्या लाँचमधून लोक कुरवांना वेफर्स आणि गाठ्या भिरकावतात! हिमालय ओलांडून मासे खायला आलेल्या पाहुण्याला आपण तळलेलं बेसन देतो.

चिमणीसाठी सगळ्या जगाने एक दिवस ठेवला, २० मार्च. २०१० पासून तो पाळतात आणि त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांची धडपड आहे. त्यांनी दाण्यांपेक्षा घरट्यांच्या खोक्यांवर भर दिला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या जुन्या कौलारू घरात देवाच्या तसबिरीमागे, वाशांच्या खोबणीत, मीटरच्या खोक्यावर चिमण्यांचे संसार असायचे. काड्या पडतात म्हणून रोज कटकट, पण घरटं मोडायची कुणाची हिंमत नव्हती. स्लॅबचं घर झालं आणि खोबणीच संपल्या. कुणी चिमणीला हाकललं नाही, तिला फक्त जागा उरली नाही.

हे सगळं मी यांना एकदम नाही सांगितलं. रोज थोडं थोडं, चहाच्या वेळी. "उपाशी ठेवायचं का" या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं की कबुतर काही आपल्या एका गच्चीवर जगत नाही, ते दूरवर उडून चरून येतं. तरी एकदम बंद करायला त्यांचं मन होईना. म्हणून तीन आठवड्यांत माप कमी करत आणलं. डब्याची ओंजळ, ओंजळीची मूठ आणि मग काहीच नाही. पहिले काही दिवस कठड्यावर रांग बसायची. हे आत खिडकीशी बसून बघत राहायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मी काही बोलले नाही. महिन्याभरात रांग मोडली. गच्ची मुलाने तोंडाला फडकं बांधून, पाणी मारून ओली करून मगच धुतली. सुकी झाडायची नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं. खोकला पूर्ण गेलेला नाही. चाळीस वर्षांचं तूस एका हिवाळ्यात कसं जाईल? पण रात्री झोप लागते.

आता गच्चीवर काय आहे? एक मातीची परळ, रोज घासून धुतलेली, पाण्याने भरलेली. थंडीत असते आणि एप्रिल-मेमध्ये दोन असतात, कारण आपल्याकडचा खरा कठीण काळ तो. कुंड्यांत जास्वंद, तगर, कढीपत्ता. त्यावर औषध मारायचं नाही असा नियम केला आहे. अळ्या पडल्या तर पडोत, त्या कुणाच्या तरी पिल्लाच्या आहेत. वळचणीला दोन लाकडी खोकी. आणि दुपारी बारा वाजता पोळीचा एक तुकडा, कावळ्याचा. तो मी बंद केलेला नाही, करणारही नाही. एक तुकडा, एक हाक, बस्स.

यांना मी शाळेतली उरलेली एक वही दिली आहे. सकाळी दाणे घालण्याच्या वेळेला हे आता वही घेऊन बसतात. तारीख, वेळ, पाखरू, मराठी नाव. यंदा ऑक्टोबरमध्ये पहिला धोबी दिसला, त्या पानावर त्यांनी तांबड्या शाईने रेघ मारली आहे. दयाळ रोज येतो, बुलबुलांची जोडी पाण्यात अंघोळ करून जाते, शिंजीर जास्वंदीला लोंबकळतो. चिमण्या एकूण चार. पलीकडच्या गोदामाच्या पत्र्याखाली राहतात आणि पाण्याला आमच्याकडे येतात. खोक्यांकडे अजून ढुंकूनही बघितलेलं नाही. बघतील तेव्हा बघतील.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरी पाखरांचा वाटा कोण काढतं, काय काढतं आणि त्याला कोण येतं, ते सवडीने कळवा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या लहानपणी काय होतं तेही विचारून ठेवा. हा इतिहास कुठल्या पाठ्यपुस्तकात यायचा नाही, आपणच लिहून ठेवला तर राहील.